सांध्यापुरता नियम

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)

आरती झाली, प्रसाद झाला, आणि पंगतीला अजून पाऊण तास आहे. तेवढ्या वेळात आमची गाडी सुटून मुक्कामाला पोहोचलीही पाहिजे, असं कार्यवाहांनी बजावलंय. तेव्हा पाल्हाळ न लावता सुरुवात करतो.

शेजारच्या खोलीत टेबलांवर चार फळ्या मांडल्यात, त्यावरून छोटी गाडी पळते, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. नातवंडांनी तर नक्कीच पाहिलंय, काचेवर बोटांचे ठसे आहेत. ते आमचं काम. आम्ही सहा जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रामबागेतल्या एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो आणि आगगाड्यांच्या प्रतिकृती करतो. आमच्यात एक निवृत्त स्टेशन मास्तर, एक बँकेतले, एक दातांचे डॉक्टर, एक वायरिंगचं काम करणारे, एक कॉलेजातला मुलगा आणि एक काकू आहेत. काकूंबद्दल पुढे सांगूच. "या वयात खेळण्यातल्या गाड्या?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता आम्ही थेट पोह्यांची बशी पुढे करतो.

खरं सांगायचं तर आज बोलायचं आहे ते गाड्यांपेक्षा जमण्याबद्दल. मंडळ म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांना आम्ही काय सांगणार! पण या छंदाने माणसं एकत्र बांधण्याची एक युक्ती शोधून काढली आहे, ती आम्हाला फार उपयोगी पडली.

आधी थोडा इतिहास. लंडनला या छंदाचा क्लब १९१० साली निघाला, तो आजही चालू आहे. अमेरिकेत १९३५ साली राष्ट्रीय संघटना झाली, आणि तिने पहिलं मोठं काम हाती घेतलं ते मापं ठरवण्याचं. कारण प्रत्येक जण आपल्या मापाची चाकं करत होता. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालेना. मग मित्र घरी येऊन करणार काय? चहा पिऊन परत जाणार. एमआयटी या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांचा असाच क्लब निघाला. त्यात दोन तट होते, एक टेबलावर डोंगर-झाडं करणारा, दुसरा टेबलाखाली तारा आणि स्विच जोडणारा. त्या टेबलाखालच्या मुलांपैकी काही जण पुढे संगणकाकडे वळले, आणि 'हॅकर' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने ऐकतो त्याची एक मुळी त्या क्लबात सापडते. आमच्यातही हे दोन तट आहेत. टेबलाखालच्यांना पाठदुखी आणि टेबलावरच्यांना कौतुक, ही वाटणी मात्र जगभर सारखी दिसते.

आपल्याकडे पुण्यात भाऊसाहेब जोशींनी कोथरूडला उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. १ एप्रिल १९९८ला ते उघडलं. त्याआधी काही वर्षं ते आपली मांडणी प्रदर्शनातून दाखवत. एका माणसाच्या ध्यासातून एवढं सारं उभं राहिलं, आणि पुण्याला नातेवाइकांकडे गेलं की मुलांना तिथे न्यायचं हा इंदुरी कुटुंबांचाही रिवाज झाला. आमच्यातल्या दोघांना हा नाद तिथूनच लागला. एकट्याने एवढं मोठं काम करणं हे लाखात एखाद्याला जमतं. बाकीच्यांनी काय करायचं?

त्याचं उत्तर या फळ्यांत आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काही मंडळींनी ठरवलं की कोणी अख्खी रेल्वे करायचीच नाही. प्रत्येकाने एक फळी करायची, म्हणजे मोटारीच्या डिकीत मावेल एवढा रेल्वेचा तुकडा. जर्मनीत १९८१ साली निघालेल्या फ्रेमो या गटाने तेच आणखी पुढे नेलं. वर्षातून काही वेळा हे लोक एखादा मोठा हॉल घेतात, दूरदूरच्या गावांहून, शेजारच्या देशांतून आपापल्या फळ्या घेऊन येतात, टोकाला टोक लावून बोल्ट आवळतात, आणि संध्याकाळपर्यंत एक लांबलचक रेल्वेमार्ग उभा राहतो. दोन-तीन दिवस तो वेळापत्रकाप्रमाणे चालवतात, मग बोल्ट काढून आपापल्या घरी.

हे चालतं एकाच गोष्टीवर. नियम फक्त टोकाचा असतो. रूळ फळीच्या कडेला कुठे यावा, जमिनीपासून किती उंचीवर यावा, बोल्टची भोकं कुठे, तारांचे रंग कोणते, एवढंच सगळ्यांचं एक. दोन टोकांच्या मधे काय करायचं ते ज्याचं त्याचं. कोणी बाजार करा, कोणी जंगल, कोणी नुसतं माळरान. शेजाऱ्याची फळी तुम्हाला आवडलीच पाहिजे असं नाही. तुमचा रूळ त्याच्या रुळाला जुळला पाहिजे.

सांधा हा शब्द आपल्या रेल्वेच्या मराठीत आधीपासून आहे. रूळ बदलणाऱ्याला आपण सांधेवाला म्हणतो. आमच्या स्टेशन मास्तरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "भिया, डोंगर कसाही करा. सांध्याशी मस्ती नाही." तेव्हापासून हेच आमचं घटनापत्र. मंडळात वाद होत नाहीत असं नाही. इंजिनावरचे रिव्हेट मोजणारे आणि लांबून बरं दिसतंय ना असं विचारणारे असे दोन पक्ष या छंदात सगळीकडे असतात, आमच्या सहा जणांतही आहेत. पण वाद फळीच्या मधल्या भागाबद्दल असेल तर तो चहाबरोबर संपतो. मत घ्यावं लागतं ते फक्त सांध्याबद्दल. आमच्यातल्या काहींनी सोसायटीच्या समितीवर काम केलंय, त्यांना या व्यवस्थेचं मोल विशेष कळतं!

आता आम्ही काय करतोय ते सांगतो. महू ते सनावद. पाताळपाणी, काळाकुंड, चोरल, मुख्तियारा बलवाडा, बडवाह, नर्मदेचा पूल, ओंकारेश्वर रोड. मीटरगेज.

हाच मार्ग का, हे इंदूरच्या मराठी माणसाला सांगायला नको, पण मुलांसाठी सांगतो. १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. सरकारने संस्थानाला पैसे दिले नाहीत. संस्थानाने सरकारला दिले. होळकर स्टेट रेल्वे असं तिचं नाव. इंदूरला पहिलं इंजिन १८७७ साली आलं ते हत्तींनी ओढत आणलं, अशी गोष्ट आपल्याकडे आजोबा सांगत आलेत. १८७८पर्यंत खंडवा ते इंदूर मार्ग पुरा झाला. पुढे त्याच मीटरगेजवरून मीनाक्षी एक्स्प्रेस जयपूरहून निघून रतलाम, इंदूर, महू, खंडवा, अकोला करत पूर्णेकडे जायची. अकोल्याच्या अलीकडे धूलघाटाजवळ रूळ स्वतःभोवती वळसा घेऊन स्वतःच्याच अंगावरून पलीकडे जात, लोक त्याला चारचा आकडा म्हणत. विदर्भ-मराठवाड्यात माहेर असलेल्या आपल्याकडच्या किती सुना त्या गाडीने आल्या असतील! परवा एक आजी फळीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझी ट्रंक याच घाटातून वर आली."

तो घाट आता इतिहासजमा होतोय. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०२३ साली महू ते ओंकारेश्वर रोड ही गाडी बंद झाली. पाताळपाणी ते काळाकुंड एवढ्या तुकड्यावर २५ डिसेंबर २०१८पासून पर्यटकांची हेरिटेज गाडी सुरू झालेली आहे, पावसाळ्यात तिला गर्दी होते, ते छानच आहे. पण सहलीची गाडी वेगळी आणि दुधाच्या किटल्या, पोलिसात भरतीला निघालेली पोरं, कोंबड्यांच्या पाट्या वाहणारी पॅसेंजर वेगळी. ब्रॉडगेज यायलाच हवी, त्याबद्दल आमची तक्रार नाही. इंदूर–मनमाड मार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. तो झाला की अवंतिकेने बडोद्याला वळसा घालून मुंबई गाठायची गरज उरणार नाही; बातमी आली त्या रविवारी आम्हीही जिलेबी आणली होती. नवं यावं. पण जुनं जाताना कोणीतरी त्याचं माप घेऊन ठेवावं, एवढंच.

आणि माप घेणं सोपं नाही. पाताळपाणी ते काळाकुंड साडेनऊ किलोमीटर धरले, तर आमच्या १:८७ या प्रमाणात ते १०९ मीटर होतात. हा हॉल पाच-सहा वेळा पालथा घालावा लागेल. म्हणून घाट सहा फळ्यांत आटवला. चढ मात्र खरा ठेवला, चाळीसाला एक. म्हणजे चार फुटांच्या फळीत रूळ ३ सेंटिमीटर वर चढतो, सहा फळ्यांत १८. त्यामुळे घाटाच्या फळ्यांची अदलाबदल करता येत नाही, त्यांना क्रमांक आहेत. फक्त पहिल्या आणि शेवटच्या टोकाला ठरलेला सांधा. एक इंजिन पुढे आणि एक मागून ढकलायला, खऱ्या घाटासारखंच, नाहीतर पाच डब्यांची गाडी मधेच चाकं फिरवत उभी राहते. इंजिन बाजारात तयार मिळत नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरी रेल्वेची मीटरगेजची प्रतिकृती मिळते १२ मिलिमीटर रुळाची, तिचा खालचा सांगाडा घ्यायचा आणि वर आपण केलेलं महूच्या वायडीएम-४ डिझेलचं अंग बसवायचं. स्विस पाय, माळवी धड. त्या सांगाड्याची किंमत इथे सांगत नाही, सभागृहात आमच्या घरची मंडळीही बसली आहेत.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं. १:८७ने ते १९ मिलिमीटरच्या वर जातं. पण बाजारात मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या रुंदीवर बेतलेला. त्यामुळे राजधानी-शताब्दीच्या देखण्या प्रतिकृती करणारे सगळे जण बारीक रुळावर गाडी चालवतात. आमचं मीटरगेज साडेअकरा मिलिमीटरचं यायला हवं आणि रूळ बाराचा मिळतो. फरक अर्धा मिलिमीटर. गरिबाची गाडी खऱ्याच्या जास्त जवळ!

बैठकीत प्रत्यक्ष काय होतं? सकाळी दहाला फळ्या जोडतो. बाराला पहिली गाडी सुटते. भिंतीवर आमचं वेगळं घड्याळ आहे, त्याचा तास दहा मिनिटांत संपतो, म्हणजे चार तासांत अख्खा दिवस. एक जण महूला स्टेशन मास्तर, एक काळाकुंडला, एक बडवाहला. गाडी चालवणारे वेगळे. आणि मधे टोकन. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून आपल्या रेल्वेत नील साहेबाच्या नावाचं यंत्र असे. पुढच्या स्टेशनने होकार दिल्याशिवाय त्यातून लोखंडी गोळा बाहेर येत नाही, आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. धावत्या इंजिनावरून कातडी पिशवीतला तो गोळा झेलणारे हात तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. आमचा गोळा लाकडी मण्याचा आहे. आमच्या कॉलेजच्या मुलाने प्रस्ताव मांडला होता की हे सगळं मोबाइलवर करता येईल, दोन मिनिटांचं काम. करता येईल, खरंय. पण मग काळाकुंडच्या माणसाला महूच्या माणसाकडे बघावं लागणार नाही. प्रस्ताव पडला, आणि मतदानात त्या मुलाचं मतही गोळ्यालाच गेलं.

पाताळपाणीजवळ टंट्या मामाच्या देवळापाशी गाडी क्षणभर थांबवण्याची रीत आहे. आमच्या वेळापत्रकातही तो थांबा आहे. त्याला टोकन लागत नाही.

आता काकूंबद्दल. आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे सदस्य, ज्यांनी काळाकुंडची फळी केली, ते दीड वर्षापूर्वी गेले. महिनाभराने त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. घरात तेरा खोकी आहेत, फ्लॅट विकायचा आहे, यांचं काय करू? हा फोन या छंदातल्या प्रत्येक गटाला कधी ना कधी येतो. ज्यांनी आयुष्यभर एका खोलीत पक्की मांडणी केलेली असते, त्यांच्यामागे ती बहुधा करवतीने कापून बाहेर काढावी लागते, कारण ती त्या भिंतींच्या मापाने केलेली असते. इंजिनं विकली जातात, डोंगर कचऱ्यात जातो. आम्ही फळी आणायला गेलो तेव्हा तिच्यावर डोंगराचा उतार अर्धाच झालेला होता, पुठ्ठ्याच्या पट्ट्या दिसत होत्या. पण दोन्ही टोकं पुरी होती. पुढच्या रविवारी ती पाताळपाणी आणि चोरल यांच्या मधे लावली, चार बोल्ट आवळले, आणि गाडी तिच्यावरून गेली.

काकू त्या दिवशी बघायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून फळी नीट पाहिली आणि म्हणाल्या, "कलाकंदवाला चुकीच्या बाजूला उभा केलाय." काळाकुंडचा कलाकंद, पळसाच्या पानावर मिळणारा, तुम्हाला ठाऊक आहेच. यजमानांच्या बदल्यांमुळे काकूंनी आयुष्याची बरीच वर्षं त्या मार्गावरच्या क्वार्टरांत काढली होती. कोणत्या फलाटावर चिंच होती, पाण्याची टाकी कोणत्या रंगाची होती, सिग्नलची तार कुठे पायात यायची, हे सगळं त्यांना पाठ. आम्ही वर्षभर फोटो शोधत होतो आणि माहिती एका घरच्या स्वयंपाकघरात बसली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. आता काकू झाडांच्या प्रमुख आहेत. फुलझाडूचे तुरे, रंगवलेला स्पंज, वाळवलेला चहाचा चोथा. त्यांची चिंच बघाच. डोंगराचा उरलेला उतारही त्यांनीच लिंपला.

कोणी म्हणेल, हे सगळं परदेशी शौक. आम्हाला तसं वाटत नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करताना आपण काय करतो? आणि आपल्या इंदूरच्या झांक्या? हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. दिवसा साचे चालवणारे हात रात्री मोटर, चाकं, पट्टे आणि बल्ब जोडून देव-दानव हलवत होते, आणि अनंत चतुर्दशीला अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर उभं राहून ते बघत होतं. जवळजवळ शंभर वर्षांची ही परंपरा आहे. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांना हक्काच्या पैशांसाठी तीस वर्षांहून अधिक वाट बघावी लागली. झांकी मात्र निघत राहिली. कधी वर्गणी, कधी महापालिकेची मदत, पण निघत राहिली. मालक गेला, साचे भंगारात गेले, आणि ज्या लोकांनी मिळून काही केलं होतं ते लोक दर भाद्रपदात पुन्हा जमले. आमच्या वायरिंगवाल्यांचे वडील त्या झांक्यांवर काम करत. मोटर कशी हळू फिरवायची, हे ते आम्हाला वडिलांच्या पद्धतीने शिकवतात.

म्हणून मंडळापुढे आमची तीन मागणी आहेत, आणि मग पंगत.

पहिली, कपाटं उघडा. महू, चोरल, बडवाहचे फोटो, ज्यात तुमची आत्या पुढे आणि स्टेशन मागे आहे, असे चालतील. आत्या आम्ही परत करू. दुसरी, ज्या घरात रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा किंवा त्या क्वार्टरांत राहिलेल्या आजी आहेत, त्यांनी एका रविवारी आम्हाला तासभर द्यावा. आम्ही गाडी घेऊन येऊ, जिना चढायला लावणार नाही. तिसरी, मंडळाच्या मागच्या खोलीत जिन्याखाली जी जागा आहे, तिथे फळ्या उभ्या ठेवायची परवानगी द्या. गच्चीवरची खोली पावसात गळते, आणि पुठ्ठ्याचा डोंगर भिजला की त्याचा लगदा होतो.

नवं कोणी यायचं असेल तर हातोडी धरता येण्याची अट नाही. दुसरा रविवार, सकाळी दहा, पोहे असतात. नर्मदेचा पूल डॉक्टरांनी घेतलाय, बडवाह कॉलेजच्या मुलाने. मुख्तियारा बलवाड्याची फळी अजून कोणी घेतलेली नाही. लाकूड कापून ठेवलंय, दोन्ही टोकांना भोकंही पाडली आहेत.